हरिहरचा लेथ



बंगळूरात राहणारा मराठी माणूस या शहराशी असलेले आपले नाते सांगू लागला, म्हणजे तो बहुधा शहाजीराजांपासून आरंभ करतो. १६३८ नंतर ही जहागीर राजांकडे कशी आली, बालशिवाजी येथे कधी येऊन गेले, हे सांगून झाले की तो एकदम आजच्या संगणकांच्या कचेऱ्यांवर येऊन पोहोचतो. मधल्या काळातले एक नाते लोखंडाचे आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने याच शहरात विमानांचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४१ मध्ये, किर्लोस्करांनी म्हैसूर संस्थानातच, तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे यंत्रे बनविण्याचा कारखाना सुरू केला. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर कारखाना वसविणाऱ्या लक्ष्मणरावांच्या कुटुंबाचा हा दक्षिणेकडील विस्तार होय. हरिहरचा तो कारखाना या शतकाच्या आरंभीच बंद पडला. परंतु तेथे तयार झालेले लेथ मात्र बंद पडावयास तयार नाहीत. ते बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आहेत, तसेच कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहेत, आणि पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या तेलाने माखलेल्या स्थितीत आजही फिरत आहेत.

अशाच एका लेथविषयी मी आज बोलणार आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. माझी पदवी एम. ए. ची, आणि नोकरी सरकारची. लहान उद्योगांच्या कागदपत्रांशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून पीण्यातील शेडही पाहावयास मिळतात. त्यांपैकी एका शेडच्या मालकाने, जो मूळचा बेळगावचा आहे, आपल्या जुन्या लेथवर संगणकाचे नियंत्रण बसविण्याचे ठरविले. ते काम मी आरंभापासून शेवटपर्यंत, सवड मिळेल तेव्हा जाऊन, पाहिले.

लेथ म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात स्थिर असतो. तेच चाक आडवे करावे, मातीच्या जागी लोखंडाचा दांडा धरावा आणि हाताच्या जागी पोलादी हत्यार धरावे, म्हणजे लेथ झाला. येथून म्हैसूरच्या रस्त्याने जाताना चन्नपट्टण लागते. तेथील कारागीर लाकडी खेळणी याच तत्त्वावर कातून लाखेने रंगवितात, आणि आपल्याकडील कातारीही पाळण्याचे खांब असेच कातीत असे. लाकडाला हातातले हत्यार पुरते. लोखंडाला ते पुरत नाही, कारण लोखंड हाताला मागे ढकलते. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास हत्यार एका सरकत्या बैठकीवर घट्ट बसविले आणि ती बैठक एका लांब आट्याच्या दांड्याने, म्हणजे लीडस्क्रूने, पुढे सरकविली. हत्यार माणसाच्या मुठीतून सुटले. पुढील दीडशे वर्षे जगातील बहुतेक लेथ याच रचनेचे राहिले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जलहळ्ळीच्या कारखान्यात स्वित्झर्लंडच्या अर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने यंत्रे बनविण्यास सुरुवात केली, तीही लेथपासूनच.

आता या रचनेत संगणकाने काय बदलते? जुन्या लेथवर मुख्य मोटर एकच असते. तीच दांडा फिरविते आणि गिअरच्या साखळीतून तीच हत्यारही पुढे सरकविते. हत्यार किती आत न्यावयाचे, हे टर्नर चाकाची मूठ फिरवून ठरवितो. नव्या व्यवस्थेत ही साखळी तोडली जाते. हत्याराच्या लांबीकडील हालचालीला एक स्वतंत्र मोटर, आडव्या हालचालीला दुसरी, आणि दोघींना किती फिरावयाचे हे सांगणारा संगणक. मोटर दोन प्रकारच्या मिळतात. स्वस्त ती स्टेपर. तिचा एक फेरा २०० टप्प्यांत विभागलेला असतो. दर फेऱ्याला ५ मिलिमीटर पुढे नेणारा स्क्रू तिला जोडला, तर एका टप्प्यात हत्यार ०.०२५ मिलिमीटर सरकते. लेथवर हत्यार आत जितके जाते त्याच्या दुपटीने जिन्नसाचा व्यास कमी होतो, म्हणून व्यासात हा टप्पा ०.०५ चा झाला. विद्युत्-युक्तीने त्या टप्प्याचे आणखी बारीक भाग करता येतात. तथापि या मोटरचा एक मोठा दोष आहे. हुकूम मिळाला आणि वजन फार झाल्यामुळे ती फिरू शकली नाही, तर तसे कळविण्याची सोय तिच्यात नसते. संगणक समजतो की काम झाले. दुसरी मोटर सर्व्हो. तिच्या पाठीशी आपण किती फिरलो हे मोजणारे एक उपकरण, एन्कोडर, असते, आणि ती हुकूम व प्रत्यक्ष हालचाल यांतील फरक सतत भरून काढते. न जमल्यास थांबून तक्रार करते. सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला यांतील कोणती मोटर विश्वासार्ह, हे निराळे सांगावे लागत नाही. मालकाने सर्व्हो घेतल्या.

परंतु मोटरपूर्वी स्क्रू बदलावा लागतो. जुन्या लीडस्क्रूमध्ये आणि त्याच्या नटमध्ये थोडी फट असावीच लागते. नसेल तर तो फिरणार नाही. झीज होते तशी ती वाढते. टर्नरला ही फट ठाऊक असते. मूठ मागे फिरविताना तो ती आधी भरून काढतो आणि मगच माप मोजतो. या कामात हात इतका तयार झालेला असतो, की त्याला ते निराळे काम वाटतही नाही. संगणकाला हे सांगण्यापेक्षा फटच नाहीशी करणे सोपे. म्हणून बॉलस्क्रू बसवितात. त्यात आट्यांच्या आणि नटच्या मध्ये पोलादी गोळ्या धावतात. घर्षण फार थोडे, आणि नट ताणून बसविला तर फट जवळजवळ शून्य.

येथपर्यंतचे काम पैशाचे आहे. बेडचे काम मात्र पैशाने होत नाही. बेड म्हणजे लेथची ओतीव लोखंडाची पाठ, जिच्या घासलेल्या पट्ट्यांवरून हत्याराची बैठक सरकते. जुन्या बेडची एक गोष्ट कारागीर अभिमानाने सांगतात. ओतीव लोखंडात ओतताना राहिलेले अंतर्गत ताण वर्षानुवर्षे सुटत जातात, आणि चाळीस-पन्नास वर्षे काम केलेला बेड स्थिरावलेला असतो. तो आता वाकडा होणार नाही. हे खरे आहे. पण त्याच चाळीस वर्षांत चकाच्या जवळचा हातभर भाग सर्वांत अधिक झिजलेला असतो, कारण बहुतेक कामे आखूड असतात आणि बैठक तेथेच जा-ये करीत राहते. टोकाकडचा भाग मात्र नव्यासारखा असतो. अशा बेडवर लांब दांडा कातला तर तो एका टोकाला किंचित जाड होतो.

या लेथचा टर्नर, ज्याला मालक मेस्त्री म्हणत, साठीच्या घरातला होता. त्याने हरिहरच्या आसपासच उमेदवारी केली होती. बेड किती झिजला आहे, हे त्याने कोणत्याही उपकरणाने मोजलेले नव्हते. परंतु दांडा कातताना चकापासून अमुक अंतरावर आले की तो मूठ केसभर आत दाबीत असे, आणि पुढे गेल्यावर सोडीत असे. मायक्रोमीटर लावला की माप बरोबर येई. मला या साऱ्या प्रकरणात महत्त्वाचे वाटले ते हे. यंत्राची झीज जसजशी वाढत गेली, तसतसे तिचे ज्ञान त्या माणसाच्या हातात साठत गेले होते. कागदावर तो लेथ दरवर्षी घसाऱ्याने कमी किमतीचा होत होता, आणि त्यावरील काम मात्र बिघडत नव्हते. हा माणूस निवृत्त झाला असता तर त्या लेथची सारी व्यंगे दुसऱ्याच दिवशी उघडी पडली असती. संगणक बसविल्यावरही तेच झाले असते, कारण संगणक बेडला सरळ समजतो.

म्हणून बेडचे स्क्रॅपिंग करावयाचे ठरले. ही कला आता थोड्यांनाच येते. सपाट अशा प्रमाण पट्टीला निळा रंग अगदी पातळ लावून ती बेडवर घासतात. जेथे निळे ठिपके उठतात तो भाग उंच. हाताच्या स्क्रॅपरने तेवढाच भाग खरवडावयाचा, पुन्हा रंग लावावयाचा, पुन्हा घासावयाचे. दर इंचाच्या चौकोनात पुरेसे ठिपके सारखे पसरलेले दिसेपर्यंत हे चालते. बाहेरून आणलेल्या दोन कारागिरांना त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे लागले. मोटर आणि तारा जोडण्याचे काम चार दिवसांत झाले होते. ज्यांना अशा कामाची जाहिरात वाचून उत्साह येतो, त्यांनी हे प्रमाण ध्यानात ठेवावे. कित्येकजण बेडला हात न लावता नुसत्या मोटर बसवितात, आणि मग संगणकाला दोष देतात.

आटे पाडण्याच्या कामात मात्र संगणकाचा विजय निर्विवाद आहे. जुन्या लेथवर आटे पाडावयाचे तर फिरणारा दांडा आणि सरकणारे हत्यार यांचे प्रमाण गिअर बदलून जुळवावे लागते. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण त्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ लेथांचे लीडस्क्रू इंचाचे होते. इंचाच्या स्क्रूवर मिलिमीटरचे आटे कसे पाडावयाचे? एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर; याला पाचाने गुणले की १२७ येतात. म्हणून १२७ दात्यांचा एक गिअर लागतो, आणि १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे काम दुसऱ्या कोणत्याही लहान गिअरांच्या जोडीने तंतोतंत होत नाही. इंचाला चार आटे असलेल्या स्क्रूवर दीड मिलिमीटरचा आटा हवा असेल, तर ३० आणि १२७ हे प्रमाण जुळवावयाचे. मेस्त्रीच्या खणात कापडात गुंडाळून ठेवलेला तो मोठा गिअर मी पाहिला. देशाने मापे बदलली तेव्हा त्या बदलाचा भार कोणी वाहिला, असा प्रश्न मला कोणी केला, तर मी त्या गिअरकडे बोट दाखवीन.

नव्या व्यवस्थेत हा गिअर लागत नाही. दांडा धरणाऱ्या स्पिंडलला एक एन्कोडर जोडतात. तो दर फेऱ्याला ठराविक स्पंदने देतो आणि फेऱ्यातून एकदाच एक खुणेचे स्पंदन देतो. स्पिंडलचा एक फेरा झाला की हत्याराने दीड मिलिमीटर पुढे जावयाचे, एवढे संगणकाला सांगितले की पाच मिलिमीटरच्या बॉलस्क्रूवरील मोटर तीन-दशांश फेरा फिरते. आटा एका घासात पुरा होत नाही; अनेक वेळा हत्यार त्याच खाचेत बरोबर उतरावे लागते. ते काम खुणेचे स्पंदन करते. पूर्वी ती वेळ डोळ्याने साधावी लागे, आणि एकदा चुकली की तयार होत आलेला जिन्नस भंगारात जाई.

वेगाच्या बाबतीत मात्र जुना लेथ जुनाच राहतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कार्बाइडच्या आधुनिक हत्याराला पोलाद कापताना मिनिटाला दोनशे मीटरच्या आसपास वेग मानवतो. वीस मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला तो वेग द्यावयाचा तर स्पिंडल मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे फिरला पाहिजे. जुन्या हेडस्टॉकचे गिअर आणि बेअरिंग बाराशे-सोळाशेच्या पुढे जावयास बनलेलेच नाहीत. मुख्य मोटरला वारंवारिता बदलणारे उपकरण जोडून वेग हवा तसा कमी-अधिक करता येतो. पण वेग फार उतरविला की मोटरची शक्तीही त्याच प्रमाणात उतरते, म्हणून जाड कामासाठी जुना गिअर ठेवावाच लागतो. उष्णतेचाही विचार आहे. एक मीटर लांबीचा पोलादी स्क्रू पाच अंशांनी तापला तर सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढतो. सकाळी बरोबर आलेले माप दुपारी चुकते ते यामुळे. आणि शेजारच्या शेडमध्ये कोणी वेल्डिंग सुरू केले की एन्कोडरच्या तारांत खोटी स्पंदने शिरतात. पहिल्या आठवड्यात हत्यार आपोआप सरकू लागले तेव्हा कामगारांनी भुताची शंका घेतली. जाळीचे आवरण असलेल्या तारा टाकल्या, अर्थिंग नीट केले, आणि ते भूत गेले.

मग इतकी खटपट करण्यापेक्षा नवे यंत्र का घेऊ नये? संगणक-नियंत्रित लेथ बनविणारे कारखाने याच शहरात आहेत. एस डिझायनर्स ही त्यांतली एक कंपनी १९७९ पासूनची. हजारो नगांचे एकच काम असेल तर नवे यंत्रच घ्यावे, असे माझे मत आहे. जुन्या लेथला ती धाव झेपणार नाही. परंतु या शेडमधील काम पंपांच्या लांब शाफ्टचे, दुरुस्तीचे, एकेका नगाचे. तेवढ्या लांबीचे नवे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेर होते, आणि घेतले असते तर कर्जाच्या हप्त्यासाठी तीन पाळ्या काम आणावे लागले असते. ते काम कोठून आणावयाचे? लहान उद्योगांना यंत्रसामग्रीवर १५ टक्के भांडवली अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना २०२० पर्यंत चालली. ती मुळात नव्या यंत्रांसाठी होती. नव्या यंत्राला एक बिल असते, एक क्रमांक असतो, एक किंमत असते, आणि सरकारी नमुन्याला तेवढे पुरते. दोन कारागिरांनी तीन आठवडे निळा रंग लावून खरवडलेला बेड कोणत्या रकान्यात लिहावयाचा? कागदाच्या बाजूला बसणारा माणूस म्हणून ही अडचण मला समजते, आणि ती सोडविण्यासारखी आहे असेही मला वाटते.

आणखी एक विचार आहे. १९८० च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनी जी पहिली संगणक-नियंत्रित यंत्रे आणली, त्यांतील लोखंड अजून चांगले आहे, पण नियंत्रक मरून गेले आहेत. कपॅसिटर वाळतात, बनविणारी कंपनी सुटे भाग बंद करते, स्मरणपट्टी जपणारी बॅटरी संपते आणि तिच्याबरोबर यंत्राची सारी मापे पुसली जातात. बेडचे आयुष्य पन्नास वर्षांचे, तर नियंत्रकाचे पंधरा-वीस. म्हणजे एका बेडच्या हयातीत दोन-तीन वेळा हा भाग बदलावा लागणार, हे गृहीत धरूनच तो बसविला पाहिजे. आणि यात काही नवीनही नाही. अंकीय नियंत्रणाचे जगातील पहिले यंत्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ मध्ये दाखविले. ते सिनसिनाटी कंपनीच्या एका आधीच्याच मिलिंग यंत्रावर छिद्रित फितीची आणि निर्वात नळ्यांच्या कपाटांची जोड देऊन बनविलेले होते. म्हणजे या विद्येचा आरंभच जुन्या यंत्राला नवे नियंत्रण जोडण्यात आहे.

आमच्या मालकाने नियंत्रकासाठी कोणत्याही मोठ्या कंपनीची पेटी घेतली नाही. त्याने साध्या संगणकावर चालणारी लिनक्स-सी-एन-सी नावाची आज्ञावली घेतली, आणि ती फुकट आहे. तिचे मूळ अमेरिकन सरकारच्या मानके ठरविणाऱ्या संस्थेत, निस्टमध्ये, १९९० च्या दशकात लिहिलेल्या आज्ञावलीत आहे. सरकारी नोकरांनी सरकारी खर्चाने लिहिलेली म्हणून ती सर्वांना खुली केली गेली, आणि पुढे जगभरच्या हौशी माणसांनी ती वाढविली. बंगळूरातही १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने केंद्रीय यंत्र-उपकरण संस्था निघाली. तुमकूर रस्त्यावरून पीण्याला जाताना ती लागते. तेथे शिकलेल्या एका तरुणाने या लेथच्या तारा जोडल्या. सरकारी पैसा इतक्या आडवाटेने एका पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचलेला पाहून मला बरे वाटले, हे लपवीत नाही.

मेस्त्रीचे काय झाले, हे आपण विचाराल. त्याला काढले नाही. काढले असते तर कोणत्या पोलादाला किती खोल घास घ्यावयाचा, कंप सुटला की काय करावयाचे, हे त्या तरुणाला कोणी सांगितले असते? पण मेस्त्रीने एक तक्रार केली. चाकाच्या मुठी काढून टाकल्यामुळे त्याला हत्यार कोठे टेकले हे कळेनासे झाले होते. पडद्यावर आकडे दिसत, ते त्याला वाचता येत, पण त्याच्या मते वाचणे निराळे आणि कळणे निराळे. तरुण म्हणाला, "मेस्त्री, आता हाताची गरज नाही." मेस्त्री त्यावर काही बोलला नाही. मालक बोलला. "त्यांना हात हवा असेल तर हात द्यावयाचा. त्याला काय खर्च येतो?" खर्च फारसा येत नाही. एक लहान चाक मिळते. त्याला फेऱ्यात शंभर खटके असतात आणि दर खटक्याला संगणक हत्यार ०.०१ मिलिमीटर किंवा, कळ दाबल्यास, ०.००१ मिलिमीटर सरकवितो. ते चाक जुन्या मुठीच्याच जागी, बैठकीच्या पुढच्या बाजूला बसविले. पोलादाचा प्रतिकार त्यातून हाताला जाणवत नाही, फक्त खटके मोजता येतात. मेस्त्री ते चाक उजव्या हाताने फिरवितो आणि डावा तळवा हेडस्टॉकवर ठेवतो. हत्यार जिन्नसाला टेकले की त्याची कंपने तेथे येतात, आणि तो फिरविणे थांबवितो.